मोडीचा भाव, वापराचा भाव

आमच्या धंद्यात प्रत्येक वस्तूला दोन भाव असतात. एक मोडीचा, दुसरा वापराचा. मोडीचा भाव काट्यावर कळतो. लोखंड असेल तर लोखंडाचा दर, पत्रा असेल तर पत्र्याचा, गुणिले किलो, हिशेब संपला. वापराचा भाव मात्र काटा सांगत नाही. त्यासाठी ती वस्तू कोणाला लागणार आहे ते ठाऊक असावं लागतं. नवारीचा लोखंडी पलंग काट्यावर टाकला तर पाच-सहाशे रुपयांचं लोखंड. पण कयाधू नदीपलीकडच्या एखाद्या खेड्यात म्हाताऱ्या माणसाला खाली बाजेवरून उठवत नाही, घरचे उंच पलंग शोधतायत, ही बातमी माझ्या कानावर असेल तर तोच पलंग हजार-बाराशेला जातो. घेणारा वर चहा पाजतो.

हिंगोलीत माझं भंगाराचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, मी चालवलं, आता मुलगा बसतो आणि मी त्याच्या कामात लुडबुड करतो. मी गल्ल्यावर बसायला लागलो तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. टाकाऊ वस्तूंचं काय करावं यावर हल्ली भाषणं होतात, शाळांतून स्पर्धा होतात, बाटलीत मनीप्लांट लावून पोरं बक्षीस घेतात. चांगलंच आहे. फक्त तो मनीप्लांट वाळला की बाटली माझ्याकडंच येते, आणि रंगवलेल्या बाटलीला भाव कमी मिळतो, एवढं शाळेत कोणी सांगत नाही.

वडील सायकलच्या कॅरिअरला दोन पोती बांधून फेरी करायचे, कधी औंढ्याकडं, कधी कळमनुरीच्या वाटेनं. पैशापेक्षा मालावर माल द्यायची रीत होती. फुटक्या बादलीवर मुरमुरे, तुटलेल्या चपलांवर गारेगार. त्याच रस्त्यांनी भांडेवाल्या बाया डोक्यावर टोपलं घेऊन हिंडायच्या, जुन्या लुगड्यांवर स्टीलचं पातेलं द्यायच्या आणि एका पातेल्यासाठी तासभर घासाघीस करायच्या. केसांवर पिना-फुगे देणारा आणखी वेगळा. ही सगळी माणसं घरोघरच्या ओसरीवर टेकलेली असायची, त्यामुळं कोणाच्या घरी लग्न निघालंय, कोणाची वाटणी झाली, कोणाचा पोरगा पुण्याला गेला आणि खोली रिकामी पडली, हे त्यांना तलाठ्याच्या आधी कळायचं. या घरातली जुनी शिलाई मशीन त्या गल्लीतल्या नव्या विधवेला पोचायची ती या बातम्यांच्या जोरावर. मधे कोणती संस्था नव्हती. फेरीवाल्याचे दोन पैसे सुटायचे, म्हणून ते व्हायचं.

वडिलांचा नियम एकच. ‘काट्यावर टाकायच्या आदी हातात घिऊन बग. काट्यावर गेलं की ते निसतं वजन.’ दुकानाच्या फाटकातून आत आलं की डाव्या हाताला मोड आणि उजव्या हाताला ठेवण, ही मांडणी त्यांचीच. डावीकडं ढीग, उजवीकडं भिंतीला टेकून उभ्या केलेल्या वस्तू. फेरीवरून माल आला की आधी उजव्या बाजूचं निवडायचं, मग काटा.

मोडीची वाट सरळ आहे. इथलं लोखंड ट्रकनं जालन्याला जातं, तिथल्या भट्ट्यांत वितळतं, त्याच्या सळ्या होतात, आणि त्या सळ्या फिरून हिंगोलीच्याच नव्या घरांच्या स्लॅबमध्ये येतात. हे काम मोलाचं आहे, माझं घर त्यावरच चाललं. पण धड असलेला पलंग वितळवून त्याची सळई करायची म्हणजे डिझेल आणि वीज जाळून एका कामाच्या वस्तूचा पुन्हा कच्चा माल करायचा. अगदी नाइलाज असेल तेव्हा करावं असं ते काम. व्यवहारात मात्र तेच पहिल्यांदा होतं. लोकांना कदर नाही, पिढी उधळी झाली, असं कारण सगळे सांगतात. मला वर्षानुवर्षं दिसलेलं कारण वेगळं आहे, ते उचलीचं.

मोठा व्यापारी छोट्या दुकानदाराला आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. बिनव्याजी दिसते. पण एकदा घेतली की आठवड्याला गाडी भरून द्यावी लागते. गाडी भरायची तर पलंग काय, शिलाई मशीन काय, सगळं आत जातं. उजवीकडची भिंत रिकामी होते. ठेवणीचा माल सहा-सहा महिने पडून राहतो, जागा खातो, पैसा अडकवतो, आणि उचल घेतलेल्याकडं सहा महिने नसतात. माझ्या माहितीतल्या कितीतरी दुकानांतली ठेवण अशी बंद पडली. आमच्याकडं ती टिकली, कारण वडिलांनी उचल घेतली नाही आणि जागा स्वतःची होती. त्यात आमचा फार मोठा गुण नाही. पुण्या-मुंबईत वस्तू फेकण्याचं प्रमाण मोठं आणि वापरता येईल असा माल तर आमच्या दहापट, पण तिथं जागेचं भाडं असं की ठेवण करणाऱ्याला परवडत नाही. आमच्यासारख्या गावात जागा आहे, तर गिऱ्हाईक विखुरलेलं आहे.

१ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला. गावात मिरवणुका निघाल्या. आमच्या धंद्याला त्याचा अर्थ दहा-बारा वर्षांनी कळला. नव्या जिल्ह्याला कार्यालयं लागतात, कार्यालयांना टेबलं, खुर्च्या, कपाटं लागतात, आणि सरकारी सामानाचं कधी ना कधी निर्लेखन होतं. मग लिलाव. लिलावात वस्तू एकेक विकत नाहीत, ढीग करून लॉट म्हणून विकतात. एका लॉटमध्ये एक पाय गेलेल्या खुर्च्या, डबड्या झालेले संगणक आणि किल्ली हरवलेली लोखंडी कपाटं. किल्ली हरवली एवढ्या कारणावर कपाट निकामी ठरलेलं मी पाहिलंय. कुलूपवाला दीडशे रुपयांत किल्ली बनवून देतो, पण तो खर्च टाकायला सरकारी कागदावर रकाना नसावा.

ही कपाटं-टेबलं कुठं गेली ते सांगतो, कारण मला त्याचं अप्रूप वाटतं. त्याच सुमाराला गावात अभ्यासिका निघायला लागल्या होत्या. पोलीस भरती, तलाठी भरती, एमपीएससी. खेड्यापाड्यांतून पोरं-पोरी येऊन एकेका हॉलमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत बसायची. हॉल चालवणाऱ्यांना स्वस्तात टेबलं हवी होती. ज्या कार्यालयात बसायचं स्वप्न बघत ही पोरं वाचत होती, त्याच कार्यालयांतून निघालेल्या टेबलांवर ती वाचत होती. एका टेबलाच्या कडेला जुन्या विभागाचा नोंदणी क्रमांक पांढऱ्या रंगात तसाच होता. पोरांनी तो खरवडू दिला नाही.

अभ्यासिकांमुळं पुस्तकंही आली. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं रद्दीत फार येतात. एक तर पोरगं लागलं म्हणून, नाहीतर वय संपलं म्हणून. दुसऱ्या कारणानं आलेली पुस्तकं ओळखू येतात, त्यांत रेघा जास्त असतात. रद्दीच्या भावात तीनशेच्या पुस्तकाचे पाच-सात रुपये होतात. मी एक फळी लावली आणि पुस्तकं किलोवर विकायची बंद केली. व्याकरण, अंकगणित, इतिहास, भूगोल ठेवायचं. चालू घडामोडी सरळ रद्दीत, कारण गेल्या वर्षीच्या चालू घडामोडी कोणाच्याच कामाच्या नसतात. सेनगावकडच्या एका तांड्यावरचा पोरगा या फळीवरून पुस्तकं न्यायचा, वाचून झाली की परत आणून बदली करायचा. तो पुढं फौजदार झाला असता तर हा परिच्छेद छान संपला असता. तो झाला नाही. बरीच वर्षं घालवून त्यानं मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलं, आणि आता जळालेल्या मोटरींमधलं तांबं मलाच विकतो, भावाला अजिबात सोडत नाही. फळी अजून आहे.

हळदीचं थोडं सविस्तर सांगायला पाहिजे, कारण पुनर्वापर म्हणजे घरातलं अडगळीचं सामान एवढंच नाही हे मला हळदीनं शिकवलं. आमचा भाग हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. हळद काढल्यावर ती शिजवावी लागते, मग वाळवायची, मग पॉलिश करायची. पूर्वी शेतात चुलाणावर भली मोठी लोखंडी कढई ठेवून त्यात कंद उकळायचे, वरून पाला नाहीतर ओली पोती झाकायची. लाकूडफाटा अमाप, आणि शिजण्याचा अंदाज चुकला तर माल हलका. नंतर वाफेवरचे कुकर आले. चार पिंप, मधे पाण्याची टाकी, नळ्यांतून वाफ. ट्रॅक्टरला जोडून या शेतातून त्या शेतात नेता येतं. हे कुकर कारखान्यातून तयार येऊ लागण्याआधी इथल्या वेल्डिंगवाल्यांनी जुनी पिंपं कापून जोडूनच करायला घेतले. दोनशे लिटरच्या तेलाच्या पिंपाला अचानक भाव आला. पॉलिशचं यंत्र तर त्याहून साधं. रिकामं पिंप घ्यायचं, त्याला सगळीकडून भोकं पाडायची, मधून आस घालून तिकाटण्यावर आडवं ठेवायचं, आत वाळलेली हळद आणि चार दगड. दोन माणसांनी दोन बाजूंनी फिरवलं की वरची साल आणि मुळ्या झडून भोकांतून खाली पडतात. डिसेंबर लागला की वेल्डिंगवाले माझ्याकडं पिंपं सांगून ठेवायचे. ठोकून बघायचे, तळ गंजला आहे का ते अंगठ्यानं दाबून बघायचे. मी लोखंडाच्या भावाच्या दीडपट मागायचो, ते सव्वापट म्हणायचे.

कुकर आले आणि कढया निवृत्त झाल्या. एकेका हंगामात वाड्यांवरून बैलगाडीत, मग टेम्पोत, कढया येऊ लागल्या. मणामणाचं लोखंड. डाव्या बाजूला टाकल्या असत्या तर त्या वर्षी हात मोकळा झाला असता. वडील तेव्हा थकले होते, खाटेवरूनच म्हणाले, ‘कढईला बुड जाड असतंय, ते जालन्याला नको धाडू.’ काही कढया गुरांना पाणी पाजायला हौदासारख्या गेल्या, काही सप्त्यांच्या आणि लग्नांच्या स्वयंपाकाला आचारी घेऊन गेले. अलीकडं महामार्गावरचे ढाबेवाले येतात, कढईत पाणी भरून त्यावर झेंडूची फुलं सोडतात आणि फोटो काढायला जागा करतात. तशा कढईला ते जो भाव देतात तो ऐकून हळदवाल्या शेतकऱ्याला वाईट वाटेल, म्हणून मी त्याच्यासमोर सांगत नाही.

पिंपांचीच दुसरी बाजू आहे. सगळंच पुन्हा वापरायचं नसतं. २०१६ च्या उन्हाळ्यात, जेव्हा लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तेव्हा आमच्याकडंही टँकर सुरू होते आणि लोकांना पाणी साठवायला काहीही चालत होतं. निळी प्लास्टिकची पिंपं रोज चार माणसं मागायची. त्यांतलं बरंच रसायनांचं. कशाचं होतं हे झाकणावरच्या चिठ्ठीवर असतं, आणि चिठ्ठी बहुतेक वेळा फाटलेली असते. वास गेला म्हणजे रसायन गेलं असं लोक धरून चालतात. प्लास्टिक आतून माल पितं हे त्यांना पटत नाही. चिठ्ठी नसलेलं पिंप पिण्याच्या पाण्याला द्यायचं नाही हे आम्ही ठरवलं. यावरून भांडणंही झाली. ‘पैसे देतोय ना, तुमाला काय करायचंय?’ म्हणून एक जण अंगावर आला. त्याला बांधकामाच्या पाण्याला ने, पण घरात नको, एवढंच म्हणत राहिलो. कीटकनाशकाच्या डब्यांचं तर विचारूच नका. ते फोडून वस्तीपासून दूर पुरावेत असं नियमांतच आहे, पण घट्ट झाकणाचा डबा दिसला की त्यात तेल-मीठ ठेवायचा मोह होतो. २०१७ ला शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून दुकानात असा डबा आला की आधी त्याच्या बुडात छिन्नी मारतो, बोलणं मग.

फ्लेक्सवर लिहिल्याशिवाय हिंगोलीचं चित्र पुरं होणार नाही. वाढदिवस, निवड, पुनर्निवड, दसरा. आमचा दसरा मोठा, रामलीला मैदानावर प्रदर्शन लागतं आणि चौकाचौकांत शुभेच्छुकांची गर्दी फळ्यांवर लटकते. उत्सव संपला की ते फ्लेक्स उतरतात. त्याला मोडीचा भाव जवळजवळ नाही. पण मे महिन्याच्या शेवटी, आभाळ भरून यायला लागलं की फ्लेक्ससारखा माल नाही. कडब्याच्या गंजीवर, गळक्या पत्र्यावर, ऊसतोडीच्या खोपीवर, सगळीकडं तो लागतो. गिऱ्हाईक छापील बाजू खाली करून नेतं, पांढरी बाजू वर. त्यामुळं झोपडीत आडवं पडलं की साहेब वरून हात जोडून बघत असतात. एकदा एका मावशीनं फ्लेक्स उलगडून बघितला आणि परत केला. म्हणाली, ‘ह्यो नको, ह्यानं घरकुलाचं काम अडवून धरलंय. दुसरा कुनाचा बी दे.’ दुसरा दिला. आकार तोच होता, पैसेही तेच.

२०१५ च्या अखेरीला इराणमधल्या मशहद शहरात कोणीतरी भिंतीला खुंट्या ठोकून वर लिहिलं की नको ते टांगा, हवं ते न्या. वर्षभरात ती कल्पना आपल्याकडं ‘माणुसकीची भिंत’ होऊन आली. २०१६ च्या दिवाळीला महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत अशा भिंती रंगल्या. आमच्या ओळखीच्या तरुणांनीही एक केली. मला बोलावलं, कारण जुन्या मालातलं मला कळतं असा समज होता. पहिल्या दोन दिवसांत भिंत भरून वाहिली. मग मी ढीग उपसून बघितला. चेन तुटलेल्या पँटी, एकेका पायाचे बूट, बनियनं, लहान लेकरांचे वर्षाच्या आतले झबले पोतंभर. चांगलंही होतं, पण ते तळाशी. देणाऱ्याला कपाट रिकामं करायचं होतं, ते झालं होतं. घेणारे दिवसा येत नव्हते. तिन्हीसांजेला, रस्त्यावर वर्दळ कमी झाली की येत, हाताला लागेल ते ओढून नेत, आणि न आवडलेलं पुढच्या नालीत पडलेलं सकाळी दिसे. पोरं नाराज झाली, म्हणाली लोकांना किंमत नाही.

त्याच आठवड्यात बांधकामावर जाणारी एक बाई माझ्याकडं लेकराच्या शाळेचा पांढरा शर्ट शोधत आली. मी म्हटलं, माय, भिंतीवर फुकट आहेत की. ती म्हणाली, ‘तितं समदे बगतेत. फुकटाचं घेताना निवडता येत न्हाई. तुमच्याकडं दहा रुपये टाकले की चार उलटे-पालटे करून बघता येतंय.’ हे मी पोरांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांना पटायला वेळ लागला, कारण दान विकायचं म्हणजे पाप वाटतं. शेवटी त्यांनी भिंत बंद करून एका रिकाम्या गाळ्यात टेबलं मांडली. धुतलेले, मापाप्रमाणे लावलेले कपडे, कोणतंही दहा रुपये, शाळेचा गणवेश वीस. निवडायला आणि बटणं लावायला दोन बाया ठेवल्या, त्यांची मजुरी त्या दहा-दहातून निघायची. आरसा लावला. आरशाचा खर्च सगळ्यात सार्थकी लागला असं मला वाटतं. गाळा मालकाला भाडेकरू मिळाला तेव्हा तेही बंद झालं, पण चाललं तोवर दिवसाउजेडी चाललं.

म्हणून २०२३ च्या मे महिन्यात ‘मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर’ मोहिमेत देशभरच्या शहरांत जुन्या वस्तू जमा करायची आरआरआर (रिड्यूस, रियूज, रिसायकल) केंद्रं उघडली तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला, निवडणार कोण? वस्तू जमा करायला जागा लागते, ती पालिकेकडं असते. वस्तू द्यायला लोक लागतात, तेही असतात. मधलं माणूस कोणाच्या आराखड्यात नसतं. एका पालिकेच्या केंद्रात मी गेलो होतो. पुस्तकं, कपडे, खेळणी अशा पाट्या, तीन कप्पे, उद्घाटनाची फीत अजून खिळ्याला लटकत होती. पुस्तकांच्या कप्प्यात बूट होते. जो कर्मचारी तिथं बसवला होता तो बिचारा पाणीपुरवठ्याचा, त्याला यातलं काय माहीत असणार? गावात वर्षानुवर्षं जुने कपडे निवडणाऱ्या, कुठला धागा किती टिकतो हे बोटांनी ओळखणाऱ्या भांडेवाल्या बाया आहेत. त्यांच्यातल्या एकीला जरी तिथं पगार देऊन बसवलं असतं तरी काम झालं असतं. मी तसं सुचवलं. ‘तशी पदनिर्मिती नाही,’ असं उत्तर आलं.

मधल्या काळात पुण्याला एका कार्यक्रमाला जाणं झालं आणि तिथं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या बाया भेटल्या. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानं १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांची ही संघटना उभी राहिली, आणि २००८ पासून त्यांच्याच ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेनं महापालिकेबरोबर करार करून घरोघरचा कचरा गोळा करायचं काम घेतलं. त्या बायांच्या गळ्यात ओळखपत्रं होती. बोलता बोलता एकीनं विचारलं, ‘तुमच्या गावात वेचणाऱ्या बायांना भाव कोण ठरवून देतं?’ उत्तर सरळ होतं: मी. ते तोंडातून निघालं नाही, पण तिला कळलं. पंचायतीनं भंगाराचं स्वतःचं दुकानही चालवलंय हे तिनं मला मुद्दाम सांगितलं असावं. मी तोवर स्वतःला वस्तूंचा कदरदान समजत होतो. उजव्या भिंतीचा केवढा अभिमान. डावीकडचा ढीग उन्हातान्हात वेचून आणणारीच्या हातावर किती पडतं, तिकडं त्या भिंतीचं लक्ष नव्हतं. परत आल्यावर फाटकापाशी भावाचा फलक लावला, खडूनं रोज लिहायचा. शेजारच्या दुकानदारांना तो आवडला नाही. दोघांनी बोलणं टाकलं, एकानं नंतर स्वतःही लावला. ठेवणीतली वस्तू जास्त भावानं गेली तर आणणारीला वरचे पैसे द्यायचे, हेही सुरू केलं, पण ते सगळ्या वस्तूंना जमत नाही. पलंग कोणी आणला हे लक्षात राहतं, पातेलं कोणी आणलं हे राहत नाही.

गोधडीबद्दल लोक मला नेहमी विचारतात, जुन्या कपड्यांच्या गोधड्या का नाही करून विकत? करून बघितलं. गोधडीला सुती लुगडं लागतं. मऊ झालेलं, घाम पिणारं, सुईला धरणारं. आता ढिगात येतं ते नव्वद टक्के पॉलिस्टर. थर एकावर एक राहत नाहीत, सरकतात. टाका आवळला की चुण्या पडतात. अंगावर घेतली की थंडीत गार आणि उन्हाळ्यात चिकट. गोधडी शिवणाऱ्या एका आजींनी साडी हातात घेऊन चुरगळली आणि म्हणाल्या, ‘ही मेली तरी कुजायची न्हाई, ही काय ऊब देणार?’ २३ मार्च २०१८ ला राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हा या पॉलिस्टर साड्यांच्या पिशव्या शिवून बघितल्या. बचत गटातल्या बायांनी शिवल्या, मी साड्या पुरवल्या. पिशव्या मजबूत, वजन नाही, घडी केली तर मुठीत मावते. दोन महिने मोंढ्यातले किराणावाले घेत होते. मग बाजारात कापडासारख्या दिसणाऱ्या पातळ पिशव्या आल्या, आमच्या शिलाईच्या निम्म्या किमतीत, आणि आमचं काम थांबलं. गटाकडं उरलेल्या पिशव्या मात्र अजून गावात दिसतात. भाजीबाजारात एखाद्या बाईच्या हातात जांभळ्या काठाची पिशवी दिसली की मला ती साडी कोणत्या पोत्यातून निघाली होती तेही आठवतं.

या धंद्यात इज्जत आहे का, असं मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनी आमच्याच घरात बसून विचारलं होतं. त्यांचंही चुकलं नाही. भंगारवाला म्हटलं की चोरीचा माल, हे समीकरण लोकांच्या डोक्यात आहे, आणि काही वेळा ते खरंही निघतं. मोटरची तांब्याची तार रात्रीतून कापून येते, नळाच्या तोट्या येतात. रेल्वेचं तर बोटभर लोखंड ठेवायचं नाही. १९६६ च्या कायद्यात नुसतं बाळगणं हाच गुन्हा आहे. २००८ ला अकोला-पूर्णा मार्ग ब्रॉडगेज झाला त्या दिवसांत जुन्या मीटरगेजचे तुकडे घेऊन माणसं अंधारात येत, त्यांना आम्ही फाटकाबाहेरूनच वाटेला लावायचो. नाव-गाव लिहायची वही वडिलांपासून आहे. अनोळखी पोरगं पितळेचा देव घेऊन आलं तर मी घेत नाही, त्याला चहा पाजतो आणि घरी कोण कोण आहे विचारतो. बहुतेक वेळा चहा न पिताच जातं.

टाळेबंदीत दुकान बंद होतं, काट्यावर धूळ बसली. पण फोन येत होते. एकाला शाळा मोबाईलवर सुरू झाली म्हणून जुना चालू फोन हवा, एकाला सायकल हवी, एका आयाबाईंना घरातच वेगळं निजायला खाट हवी. फाटकाच्या फटीतून बरंच सामान गेलं. त्या दिवसांत कोणीच मोडीचा भाव विचारला नाही.

आता मुलाचं आणि माझं एकाच गोष्टीवर अडलंय. त्याला गठ्ठे बांधायचा प्रेस घ्यायचाय. पुठ्ठा आणि पत्रा दाबून गठ्ठे केले की गाडीत दुप्पट माल बसतो, भाडं निम्मं होतं, वरचा व्यापारी किलोला दोन रुपये जास्त देतो. हिशेब त्याचा बरोबर आहे, मी दोनदा तपासला. प्रेसला जागा लागते ती उजव्या भिंतीची. तो म्हणतो, ठेवणीचं सगळं मोबाईलवर फोटो टाकून विकता येतं, भिंत कशाला? त्यानं एक शिलाई मशीन तशी विकलीही, नांदेडच्या गिऱ्हाईकाला, माझ्यापेक्षा चांगल्या भावात. मी म्हटलं, कयाधूपलीकडच्या म्हाताऱ्याचा फोटो कुठं टाकतोस? तो म्हणाला, त्याच्या नातवाकडं फोन आहे. यावर मला काही बोलता आलं नाही. सध्या असं ठरलंय की प्रेस घ्यायचा, पण भिंतीची अर्धी लांबी सोडायची. त्या अर्ध्या भागात शेवटच्या कढया उभ्या आहेत. ढाबेवाला श्रावणात येतो म्हणालाय, त्यामुळं प्रेसचं बघू श्रावणानंतर.